आगोटीच्या बॅटऱ्या

हे घडलं २०१७ साली, पितृपक्षात, अमावस्या तोंडावर आली असताना. माझा धाकटा भाऊ बुधाजी त्या दिवशी खाडीत गेला आणि जिवंत परत आला नाही, हे पनवेलच्या आमच्या कोळीवाड्यात सगळ्यांना माहीत आहे. तो वेळेत का सापडला नाही, तेही आपल्याला माहीत आहे असं सगळे समजतात. ते समजणं चुकीचं आहे. खरं कारण आम्हा तिघाचौघांनाच ठाऊक होतं, आणि माझी भावजय गंगाबाई जिवंत असेपर्यंत ते तिच्या कानावर जाऊ नये म्हणून एका माणसाने आपलं नाव घालवलं. गंगा गेल्या पौषात गेली. आता लिहायला हरकत नाही.

आधी आगोटीचं सांगते, कारण सगळं तिथूनच निघालं. पावसाआधी घर भरून घेणं, त्याला आमच्याकडे आगोट म्हणतात. होड्या वर ओढून झाकल्या की दर्या बंद. मग तांदूळ, मीठ, चिंच, मसाला, सुके बोंबील, सोडे, सरपण, रॉकेल, सगळं ज्येष्ठाच्या आत घरात यायचं आणि मागच्या पडवीत चुलीवरच्या माळ्यावर चढायचं. खालची चूल पावसाळाभर पेटती असे. तिच्या उबेने माळ्यावर ओल धरत नसे. आमची आई या कामात फार कडक होती. डबा असो की मडकं, अर्धं ठेवलेलं तिला खपायचं नाही. भरलं तर काठोकाठ, नाहीतर पालथं घालून ठेवायचं.

कंदिलाचंही तसंच. वडील होडीवर निघाले की आई राखेने काच पुसून, टाकी भरून कंदील त्यांच्या हातात द्यायची. एकदा वडील घाईत अर्ध्या तेलाचाच कंदील घेऊन निघाले. आईच्या लक्षात आलं तशी ती रॉकेलची बाटली घेऊन बंदरापर्यंत धावली. मी तिच्या मागे धावत होते. तेव्हा बंदरावर मिठाची गलबतं लागत, उन्हात मिठाचे ढीग डोळ्यांना खुपत. गलबतावरचे लोक हसत होते आणि आई गुडघाभर चिखलात उभी राहून कंदील भरत होती. तिचं ते रूप मी अजून विसरले नाही.

गंगा उरणकडची. लग्न होऊन आली तेव्हा सतरा-अठराची असेल. आईने तिला हाताशी धरून आगोट भरायला शिकवलं. मी शिक्षिका झाले, नगरपरिषदेच्या शाळेत सगळी नोकरी केली, घरकामात माझा हात कधी बसला नाही. आईचं सगळं गंगाकडे गेलं. आई गेल्यावर मला आईची आठवण आली की मी शेजारच्या भिंतीपलीकडे गंगाच्या पडवीत जाऊन बसायचे. ती तशीच चुलीपुढे वाकायची, तशीच डब्यांची झाकणं दाबून बघायची.

तिचा मुलगा शैलेश लग्नांचे फोटो आणि व्हिडिओ काढायचा. बाजाराच्या मागे त्याचा छोटा स्टुडिओ होता. या घटनेच्या दोन वर्षं आधी त्याच्याबरोबर नोमान येऊन मिळाला. नोमान हा मोहल्ल्यातल्या नझीरचा धाकटा भाऊ. नझीरचं मोबाईल आणि घड्याळांचं दुकान होतं. नोमानने शारजात कॅमेऱ्यांच्या दुकानात बरीच वर्षं काढली होती. तिथूनच त्याने कॅमेऱ्याचं ते उडतं यंत्र, ड्रोन, आणलं. परवानगीचं तेव्हा सगळंच धूसर होतं, पण लग्नवाल्यांना वरून काढलेली वरात हवी असायची. खांदा कॉलनीपासून नेऱ्याच्या फार्महाऊसपर्यंत या दोघांना बोलावणी येऊ लागली.

बुधाजी त्या यंत्राला घार म्हणायचा.

"काय रं, घार जेवली काय?" असं तो बॅटऱ्या चार्जरला लागलेल्या दिसल्या की विचारायचा. शैलेशला टोमणा ठरलेला. "वरशी लोकांची लग्नं बगतो. खाली बापाची होडी गळते ती नाय दिसत याला."

"तुमची होडी वरून पण काढतो की," शैलेश म्हणायचा. "पण तुम्ही हसणार नाही फोटोत."

"दात हायत कुठे हसायला?"

बॅटऱ्यांचं सगळं नोमानकडे असे. शैलेशने उडवायचं आणि नोमानने सांभाळायचं, अशी वाटणी होती. त्या बॅटऱ्या चार होत्या, प्रत्येक विटेच्या अर्धुकाएवढी, पांढरी, गुळगुळीत. अंगावरचं बटण दाबलं की चार बारीक हिरवे दिवे लागत. चारही लागले म्हणजे पूर्ण भरली, दोन लागले म्हणजे अर्धी. उडून आलेली बॅटरी नोमान लगेच चार्जरला लावत नसे, आधी सावलीत गार होऊ द्यायचा. लग्न उद्या असेल तरच आज पूर्ण भरायचा. मध्ये काम नसेल तेव्हा तो त्या अर्ध्यावर आणून वाळू घातलेल्या लोखंडी पेटीत ठेवायचा. पण हे सगळं तो स्टुडिओत करायचा. आमच्या घरी तो यायचा लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, कारण स्टुडिओतली वायरिंग जुनी होती आणि घरी बोर्ड चांगला होता. तेव्हा गंगा त्याला चहा करायची आणि शेजारी बसून बघायची. चारही दिवे लागलेले पाहिल्याशिवाय नोमान उठत नसे. गंगाने पाहिलं ते एवढंच.

मे महिन्याच्या शेवटी लग्नं संपली. नोमानला शारजाचा व्हिसा चालू ठेवायचा होता, म्हणून पावसाळ्याचे महिने तो तिकडे चुलतभावाच्या दुकानात काम करणार होता. मोहल्ल्यात त्यांच्या घरात पावसाचं पाणी शिरायचं, स्टुडिओच्या छपराला गळती होती. म्हणून यंत्र आणि बॅटऱ्या शैलेशने घरी आणल्या. यंत्र कपाटावर गेलं. बॅटऱ्या त्याने आईच्या हातात दिल्या.

"आई, या नीट सांभाळ. ओल लागू देऊ नको. लाखाची वस्तू हाय."

"भरलेल्या हायत काय?" गंगाने विचारलं.

शैलेशचा फोन वाजत होता. तो बाहेर गेला.

गंगाने बटणं दाबून पाहिली. दोन-दोनच दिवे लागले. पाऊस तोंडावर, घर सगळं भरलेलं आणि ही एवढी महागाची वस्तू अर्धी. तिने सुनेला, शैलेशच्या बायकोला, पूर्वीला विचारलं. ती खांदा कॉलनीत दातांच्या दवाखान्यात कामाला जायची, त्या वेळी डबा भरत होती. ती म्हणाली, "मोबाईलसारखंच असणार ना आई. लावा चार्जिंगला." गंगाने चारही पूर्ण भरल्या. मग बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा घेतला, आत तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा अंथरला, बॅटऱ्या त्यात निजवल्या आणि डबा चुलीवरच्या माळ्यावर सोड्यांच्या बरणीशेजारी ठेवला. घरातली सगळ्यांत कोरडी जागा तीच होती.

आठ-दहा दिवसांनी तिने डबा काढून पाहिला तर दिवे कमी झालेले. तिला वाटलं कुठेतरी गळतं आहे. मला हे नंतर कळलं की त्या बॅटऱ्या तशा बनवलेल्याच असतात, बरेच दिवस पडून राहिल्या की स्वतःच थोड्या उतरतात, पूर्ण भरून राहणं त्यांना मानवत नाही म्हणून. पण गंगाला ते कसं कळणार? मडकं पाझरतं तेव्हा आपण वरून पाणी घालतो. ती दर शनिवारी डबा खाली काढायची आणि पुढच्या खोलीत बोर्डाजवळ बसायची. बाहेर पाऊस कोसळत असायचा, वीज जायची, यायची. ती चारही बॅटऱ्यांचे सगळे दिवे लागेपर्यंत हलायची नाही. मी कधीकधी तिच्याजवळ वर्तमानपत्र घेऊन बसायचे.

"उतरतात मेल्या," ती म्हणायची. "पन मी उतरू देत नाय."

"अगं, लग्नं आहेत कुठे आता?"

"ताय, पावसात कवा काय लागंल सांगता येतं? आत्यांनी कंदील कवा अर्धा ठेवला?"

आत्या म्हणजे आमची आई, तिची सासू. मला तिचं ते ऐकून फार बरं वाटायचं. एवढ्या वर्षांनी त्या घरात कोणी कंदिलाची आठवण काढत होतं.

नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, गणपती झाले. पितृपक्ष लागला. अमावस्येच्या सुमाराला चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, मांसाने भरलेल्या असतात. बुधाजी पहाटेच्या ओहोटीला आपली छोटी होडी घेऊन चिंबोऱ्यांच्या जाळ्या बघायला निघाला. त्याचं वय झालं होतं, गुडघे दुखायचे, पण पूर्वीला चिंबोऱ्या आवडतात आणि बाजारातून आणण्यात त्याला कमीपणा वाटायचा. त्याची नेहमीची जागा बांधकामाच्या भरावाखाली गेली होती. खाडीतल्या पाण्याच्या वाटा दोन वर्षांत इतक्या बदलल्या होत्या की तो रोज नवी जागा शोधायचा आणि घरी कुणाला सांगायचा नाही. सांगितलं की दुसरे जातात, हा त्याचा जुना संशय.

भरतीबरोबर तो परत यायला हवा होता. पाणी चढू लागलं तरी आला नाही. गंगा दोनदा बंदरावर जाऊन आली. मग मी शैलेशला फोन केला. कोळीवाड्यातल्या दोन होड्या शोधायला निघाल्या, पण तिवरांच्या दाट झाडीत पाण्याच्या अरुंद फाट्या जिकडेतिकडे गेलेल्या. होडीतून बघणाऱ्याला समोरच्या पानांपलीकडे काही दिसत नाही. दुपारच्या आत भरती पूर्ण होणार होती. उधाणाची भरती. तो कुठे अडकला असेल तर त्याआधी सापडायला हवा, हे तिथल्या प्रत्येकाला समजत होतं.

शैलेश मोटारसायकलवरून आला. घरातून यंत्र आणि रिमोट उचलून बंदरावर धावला. "आई, बॅटऱ्या आण." गंगा पडवीत गेली आणि डबा कडेवर घेऊन धावत आली. पायात चप्पल नव्हती, डोक्यावरचा पदर पडला होता. मला आमची आई दिसली. तीच वाट, तोच चिखल.

"चारी भरलेल्या हायत," ती धापा टाकत म्हणाली. "शनवारीच बगितल्यात."

शैलेशने डबा उघडला. पहिली बॅटरी त्याने यंत्रात सरकवली, ती निम्म्यावर अडकली. त्याने ती बाहेर काढून उलटी केली. तिचं पोट फुगलं होतं. दुसरीचंही. मी त्याच्या शेजारी उभी होते, मला त्याचा चेहरा दिसला. त्याने एकदा आईकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

"काय झालं?" गंगाने विचारलं.

"काय नाय."

तिसरी त्याने तळव्याने जोर देऊन बसवली. बटण दाबलं. चारही दिवे लागले.

"बग, भरलेली हाय," गंगा म्हणाली.

पाऊस थांबलेला होता, आभाळ खाली आलेलं. घार वर गेली आणि खाडीवर निघाली. शैलेशच्या हातातल्या पडद्यावर तिवरांचा हिरवा गालिचा आणि त्यातून गेलेल्या तपकिरी रेघा दिसत होत्या. आमच्या मागे वीस-पंचवीस माणसं माना उंचावून उभी होती. कोणीतरी म्हणालं, पलीकडच्या अंगाला बघ, जुन्या बंधाऱ्याकडे. शैलेशने आधी जवळची बाजू पाहिली. काही नव्हतं. मग त्याने यंत्र बंधाऱ्याकडे वळवलं.

ते वळलं न वळलं तोच रिमोट ओरडायला लागला. एरवी ते यंत्र वीस मिनिटं सहज उडायचं. त्या दिवशी त्याच्या चौथाईतच पडद्यावरचा आकडा भराभर खाली येऊ लागला. बॅटरी संपत आली की यंत्राने आपलं आपण परत फिरावं अशी त्यात सोय होती, तसं ते परत फिरलं. शैलेशने बोटाने ते रद्द केलं. यंत्र पुन्हा बंधाऱ्याकडे निघालं. पुन्हा रिमोट ओरडला.

"शैल्या, परत आण रे, पडेल," कोणीतरी मागून म्हणालं.

"जाऊ दे पुढं," गंगा म्हणाली. "भरलेली हाय ती."

पडद्यावर तिवरांची टोकं मोठी मोठी होत आली आणि चित्र थांबलं. शैलेश रिमोटवरच्या काड्या पुढे ढकलत राहिला. बराच वेळ ढकलत राहिला. शेवटी मीच त्याच्या हातातून रिमोट घेतला.

होड्या बंधाऱ्याकडे वळल्या तोवर पाणी इतकं चढलं होतं की तिवरांची नुसती डोकी वर होती. फाट्या दिसेनात. संध्याकाळच्या ओहोटीला बुधाजी सापडला. होडी नीट बांधलेली होती, जाळ्यांत चिंबोऱ्या होत्या. तो खाली चिखलात उतरला असणार आणि पाय मुळांमध्ये खोल रुतून पिळवटला असणार. एका हाताने त्याने तिवराची फांदी धरलेली होती, ती सोडवताना मोडावी लागली. तिथून हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्या अंतरावर घार तिवरात अडकून लटकत होती. म्हणजे तिचा आवाज त्याने ऐकला असेल. ती आपल्याकडे येते आहे हे त्याला कळलं असेल. तेव्हा पाणी त्याच्या कुठवर आलं होतं, या विचारापाशी मी थांबते, आणि दुसऱ्या दिवशी तोच विचार पुन्हा येतो.

तिसऱ्या दिवशी घरात माणसं बसलेली असताना गंगा शैलेशला म्हणाली, "भरलेली असून कशी रं पडली?" ती सारखी तेच विचारत होती. लोक ऐकत होते. शैलेश म्हणाला, "बॅटऱ्या डुप्लिकेट होत्या, आई. नोमानने तिकडून खोटा माल आणला."

तो आईला वाचवत होता की स्वतःला, हे मी त्या वेळी ठरवू शकले नाही. पण वाक्य घराबाहेर पडलं. दिवस घालेपर्यंत ते बाजारात पोचलं होतं. गल्फचा माल, मोहल्ल्यातला माणूस, आणि मेला आमचा बुधाजी. लोकांना एवढं पुरतं.

नोमान शारजाहून आला तो सामान नझीरच्या घरी टाकून थेट आमच्याकडे आला. त्याच्या कानावर सगळं गेलेलं असणारच. त्याला पाहून पुढच्या खोलीतल्या बायका भिंतीकडे सरकल्या. तो गंगासमोर जमिनीवर बसला. मग गंगा उठली, पडवीत गेली आणि डबा घेऊन आली. त्या उरलेल्या तीन बॅटऱ्याही तिने परत माळ्यावरच ठेवल्या होत्या.

"बग. मी नीट ठेवल्यात."

नोमानने एक उचलली. ती उबदार होती, हे त्याने ती ज्या पद्धतीने या हातातून त्या हातात घेतली त्यावरून मला कळलं. त्याने तिच्या फुगलेल्या पोटावरून अंगठा फिरवला. डब्यातून गोडसर, औषधासारखा वास येत होता.

"काकी, या कुठे ठेवल्या होत्या?"

"चुलीवरच्या माळ्यावर. तिथं ओल नाय लागत."

"आणि चार्ज?"

"दर शनवारी. उतरत होत्या, मी उतरू दिल्या नाय. तू करायचास तसंच. चारी दिवे लागल्याबिगर उठली नाय." ती त्याच्याकडे बघत होती. "शैलेश सांगतो माल खोटा होता. तू सांग नोमान. माझ्या हातून काय चुकलं काय?"

नोमानने शैलेशकडे पाहिलं. शैलेश दाराला टेकून उभा होता, खाली बघत. नोमान वाट बघत राहिला. शैलेशने मान वर केली नाही.

"नाही काकी," नोमान म्हणाला. "तुमचं काही चुकलं नाही. तुम्ही बरोबर ठेवल्या. मालच खराब होता. मला तिकडे फसवलं, मी बघून घ्यायला पाहिजे होतं. गलती माझी आहे."

गंगाने ते ऐकून घेतलं. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "माझा मानूस गेला रं तुझ्या मालापायी. तो तुला आपल्या ताटातली चिंबोरी द्यायचा."

"हो काकी."

"जा तू. परत या घरात येऊ नको."

तो उठला. डबा त्याने बरोबर घेतला, म्हणाला की या आता घरात ठेवणं धोक्याचं आहे, मिठाच्या पाण्यात बुडवून मारून टाकाव्या लागतील. त्याला कोणी चहा विचारला नाही. बाहेर त्याच्या चपला कोणीतरी गटारात टाकलेल्या होत्या. त्या काढून, झटकून, हातात घेऊन तो गेला.

मी शैलेशला बंदरावर नेलं. विचारलं, "नोमानने तुला ठेवण्याचं काही सांगितलं होतं?"

"सांगितलं होतं, आत्या. अर्ध्यावर ठेव, थंड जागी ठेव, मध्ये हात लावू नको. दोनदा सांगितलं. मी आईला नुसतं ओलीचं बोललो."

"मग लोकांना सांग."

"काय सांगू? आईने बापाला मारला म्हणून सांगू?"

"आईचं नाव कशाला घेतोस? तुझं सांग."

तो पाण्याकडे बघत राहिला. ओहोटी होती, चिखलात बगळे फिरत होते. "माझं सांगितलं तर लोक विचारणार, बॅटऱ्यांना झालं काय. मग आईचं येतंच," तो म्हणाला. "आई हाय तोवर नाय, आत्या." त्यात काही खोटं नव्हतं, म्हणून मला अधिकच वाईट वाटलं. त्याची लाज आणि आईची माया अशी एकाच जागी येऊन बसली होती की एकीला हात लावला तर दुसरी तुटणार.

आता राहिलं ते कोणाचं काय झालं ते.

यंत्र होडीवाल्या पोरांनी तिवरातून काढून आणलं. शैलेशने ते पुन्हा हातात घेतलं नाही, भंगारवाल्याला दिलं. स्टुडिओ त्याने वर्षभरात बंद केला. तो आता कंटेनरच्या एका गोदामात पाळीने कामाला जातो. त्याला मुलगी झाली. ती बंदरावर जाऊ या म्हणते, तो नेत नाही, मी नेते.

पूर्वीला शैलेशने सगळं सांगितलं असावं, कारण ती एकदा भांडी घासता घासता मला म्हणाली, "मोबाईलसारखंच असेल, असं मीच म्हणाले होते ना हो आत्या?" मी म्हटलं, तुला विचारलं ते तू सांगितलंस. ती अजून त्याच दवाखान्यात जाते. दोघं खांदा कॉलनीत भाड्याने राहतात आणि घरात फारसं बोलत नाहीत.

नझीरच्या दुकानात कोळीवाड्यातलं कोणी जाईना, मग इतरही कमी झाले. त्याने मोबाईल काढून टाकले, आता शाळेची दप्तरं आणि छत्र्या विकतो. त्याची बायको अस्मा आणि गंगा एकेकाळी बाजारात एकमेकींना थांबवून बोलायच्या. नंतर अस्मा समोरून दिसली की गंगा रस्ता ओलांडायची. अस्माने तिला कधी अडवलं नाही.

नोमान त्याच महिन्यात शारजाला परत गेला. पनवेलला तो दोनदाच आला, एकदा आईच्या दफनाला आणि एकदा नझीरच्या मुलीच्या, हुदाच्या लग्नाला. त्या लग्नात वरून व्हिडिओ काढायला नेरुळचे कोणी लोक बोलावले होते. नोमान मंडपातच बसून राहिला, बाहेर बघायला आला नाही, असं मला अस्माने सांगितलं.

गंगाने नोमानचं नाव शेवटपर्यंत शिव्यांशिवाय घेतलं नाही. त्या खोट्याने आपलं काम पूर्ण केलं. आगोट ती पूर्वीसारखीच भरत राहिली, एकटीसाठी, काठोकाठ. पौषात तिला ताप आला आणि आठवडाभरात ती गेली. तिच्या माळ्यावरचे डबे मी उतरवले तेव्हा एकही अर्धा नव्हता.

तिचे दिवस झाल्यावर मी शैलेशला म्हटलं, आता सांग. तो म्हणाला, आता सांगून कोणाला काय मिळणार. मग मीच नझीरच्या दुकानात गेले. त्याने मला स्टूल दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मला पहिल्या दिवसापासून मालूम आहे, बाई. नोमानने अम्मीची कसम घातली होती." गिऱ्हाईक आलं तसा तो छत्री दाखवायला उठला.

गंगा गेल्याचं मी नोमानला फोनवर कळवलं. पलीकडे दुकानातली गडबड ऐकू येत होती. त्याने एवढंच विचारलं की काकींना शेवटी फार त्रास झाला का. मी नाही म्हटलं. बरं झालं, तो म्हणाला, आणि त्याने फोन ठेवला.